टोबीच्या सुटाची चेन

मे महिन्यातल्या एका दुपारी हाल्वरनं टेबल-खुर्च्या भिंतीला सारल्या आणि सहा लाल रबरी सूट जमिनीवर ओळीनं उताणे मांडले. बोट बुडायला लागली की अंगात चढवायचे ते सूट, पायापासून टोपीपर्यंत सलग. ऐनवेळी अडकू नयेत म्हणून हंगामाआधी त्यांच्या चेनींना मेण लावावं लागतं. होमर गावच्या बंदरात हे न करणाऱ्याला मूर्ख म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

फोन खांद्यात धरून तो वेन्डेलशी बोलत होता. वेन्डेल नेब्रास्कातला, समुद्रापासून हजार कोस दूरचा. पण तीन मित्रांना घेऊन दर वर्षी पैसे मोजून हाल्वरच्या बोटीवर गळ टाकायला यायचा.

"ओहोटी सहाला लागते, आपण पाचला निघू," हाल्वर म्हणाला. "बेटांच्या पलीकडे. आमिष माझं. तुम्ही लोकरीचे मोजे आणा. आणि बोटीवर अपशकुनी केळी आणलीस, तर तुलाच गळाला लावीन."

"एकदाच आणली होती रे बाबा! हॅलिबट मासा दाखव म्हणजे झालं. मागच्या खेपेला नुसत्या उलट्या करवल्यास." वेन्डेल हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बेटांच्या पलीकडे... म्हणजे तिथंच ना?"

"मासा तिथंच आहे," म्हणत हाल्वरनं फोन ठेवला.

"मासा सगळीकडे आहे," त्याची बायको मर्ना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात सुपाचा डाव तसाच होता. "परत यायच्या बेतानं जातोयस ना? तेवढं सांग."

हाल्वरनं मेण पुढच्या चेनीवर घासलं. मर्ना आत गेली.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, बेटांच्या पलीकडे एका लाटेनं त्याची बोट भरली. गिऱ्हाइकांनी सूट चढवले. हाल्वरचा गुडघा जन्माचा आखडलेला, म्हणून त्याचा आणि मर्नाचा मुलगा टोबी नेहमीप्रमाणे खाली बसला, बापाचा सूट दोन्ही हातांनी उघडा धरला आणि म्हणाला, "घाल पाय, म्हाताऱ्या, लाजू नकोस." मग स्वतःचा घातला. त्याची चेन छातीशी अडकली. बाकी सगळे वाचले. टोबीचा सूट तीन दिवसांनी किनाऱ्याला लागला, रिकामा, चेन तिथंच अडकलेली.

एक गोष्ट हाल्वरनं आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

धुकं खिडकीला टेकलं होतं. खोलीत रबराचा आणि मेणाचा वास भरला होता. पाच चेनी झाल्या, सरसर वरखाली धावायला लागल्या. सहावा सूट टोबीचा. दोन वर्षं तो पडवीत टांगलेला होता. चेन तसूभर हलेना.

"हाल्वर, सूप निवतंय. जेवायला ये."

त्याचा हात थांबला. अगदी अशीच हाक.

"नाही येत," तो म्हणाला. "मर्ना, त्या वर्षी पाच झाले होते. टोबीचा राहिला होता. तू हाक मारलीस, मी जेवायला उठलो... आणि विसरलो. मी मारलं गं त्याला."

मर्ना आली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. 

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सूप वाढताना मी मोजल्या होत्या. पाचच चेनी चमकत होत्या. म्हटलं, खाऊन झाल्यावर सांगू..."

दोघं एकमेकांना धरून रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

टिक.

आवाज बारीक होता. हाल्वरनं खाली पाहिलं. टोबीच्या सुटाची चेन एक दात वर सरकली होती. मग अडली. पुन्हा टिक... आणि अडली. आतून कुणीतरी बोटं बधिर झाल्यासारखं ओढत होतं.

"तुझा हात लागला?" मर्ना कुजबुजली.

"नाही..."

सूट सपाट पडला होता. आत कुणी नव्हतं. समुद्राचा गार वास मात्र वाढला होता. हाल्वरनं मेण उचललं आणि दातांवर घासलं, खालून वर, पुन्हा खालून वर. "घे, बाळा," तो म्हणत होता, "घे... आता ओढ." मर्नानं त्या सुटाचा रिकामा पंजा हातात घट्ट धरला.

चेन सरसर वर गेली आणि हनुवटीशी मिटली.

 "आता नाही जात मी," हाल्वर हळूच म्हणाला. "वेन्डेलला कळवतो." मर्नानं डोळे मिटून सुस्कारा सोडला.

तेवढ्यात ओळीच्या पलीकडच्या टोकाला आवाज झाला. तिथं हाल्वरचा स्वतःचा सूट होता. त्याची चेन सावकाश खाली आली, पार तळापर्यंत. मग रबराच्या दोन्ही कडा बाजूला झाल्या आणि तशाच उघड्या राहिल्या, आखडलेल्या गुडघ्याच्या माणसाला पाय घालायला सोपं जाईल इतक्या.