जुन्या कार्डाची खोड

मिरजेच्या वाचा संशोधन केंद्रात कुणी कल्याणी मगदूमला विचारलं, "तयार संगणकच का नाही मागवत?" की ती त्याच्याकडे विकतची पुरणपोळी वाढणाऱ्याकडे पाहावं तशी पाहायची. केंद्रातलं मोठं वर्कस्टेशन तिनं स्वतःच्या हातांनी जोडलं होतं. आज त्याचं झाकण उघडून ती नवा प्रोसेसर आणि दोन नवी ग्राफिक्स कार्डं बसवत होती.

हे यंत्र एका माणसाची जीभ होतं. शेजारच्या खाटेवर दस्तगीर शिकलगार, केंद्रातल्या सगळ्यांचे चाचा, पडून होते. जन्मभर तंबोरे घडवलेला हा कारागीर, सहा वर्षांपूर्वीच्या झटक्यानं पापण्या सोडून सारं शरीर गमावून बसला होता. मेंदूवर बसवलेली नखाएवढी जाळी त्यांच्या मनातल्या शब्दांचे संकेत टिपायची, वर्कस्टेशन त्यांचा अर्थ लावायचं आणि स्पीकरमधून शब्द उमटायचा. या यंत्रणेला सगळे 'मनोवाचा' म्हणत.

अडचण एवढीच, की एका शब्दाला आठ सेकंद लागायचे. एरवी ते चालून गेलं असतं, पण चाचांची मुलगी रेहाना त्यांच्याकडून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज खुलवण्याची कला, शिकत होती. तारांखालची घोडी कानशीनं घासत न्यायची आणि घासण्याच्या आवाजावरून तार खुलणार हे कळलं, की त्याच क्षणी हात थांबवायचा. एकदा जास्त घासलं की घोडी फुकट. अब्बांचा "थांब" पोहोचेपर्यंत रेहानानं अकरा घोड्या वाया घालवल्या होत्या. त्यांच्या घरातली ही कला आता एकट्या चाचांच्या डोक्यात होती, आणि ती तिथंच संपायची भीती सगळ्यांनाच होती.

"हं, बोला चाचा," कल्याणी झाकण लावत ऐटीत म्हणाली.

अर्ध्या सेकंदात स्पीकर बोलला, "गवत पाळणा उद्या."

रेहाना दचकली. "अब्बा?"

"भिंत. भिंत. गवत."

डॉक्टर आवटी उठून आले. मनोवाचेची अर्थ लावणारी प्रणाली त्यांनी लिहिली होती. "प्रणाली तीच, जाळी तीच. बदललंय ते तुझं सामान. जुनं कार्ड परत बसव, कल्याणी."

कल्याणीला ते चांगलंच झोंबलं. "दुपारपर्यंत वेळ द्या, सर."

उत्तर आधीच ठाऊक असलेलं एक गणित तिनं नव्या आणि जुन्या दोन्ही कार्डांना घातलं. नव्यानं ते अचूक सोडवलं. जुनं चुकलं. दहा वेळा घातलं, तर दहाही वेळा तसंच चुकलं.

"खोट जुन्या कार्डात आहे, सर. मेमरीची एक चिप हळूहळू झिजत गेलीय. ठरावीक आकडे ती नेहमी थोडे कमी वाचते. नोंदी काढल्या, दोन वर्षांपासून हेच चाललंय."

"म्हणजे बिघडलेल्या कार्डावर शब्द बरोबर आणि चांगल्या कार्डावर चूक?" आवटींनी चष्मा काढला. "प्रणाली त्या खोडीला सांभाळून घ्यायला शिकली असणार."

"कशी शिकेल? तिचं शिकणं तुम्हीच चार वर्षांपूर्वी बंद केलंत. तेव्हापासून तिच्यातला एक आकडा हललेला नाही."

"मग दोन वर्षं चूक भरून कोण काढत होतं?"

कार्ड चुकत होतं, प्रणाली जागची हलत नव्हती. उरला होता तो खाटेवर होता. दोघांनीही तिकडे वळून पाहिलं.

"मेंदू," आवटी हळूच म्हणाले. "आपलं बोलणं आपण ऐकत असतो. चुकीचा शब्द उमटला, की मेंदू पुढच्या वेळी संकेत जरासा वळवून पाठवतो. कार्ड जेवढं एका बाजूला झुकलं, तेवढे हे दुसऱ्या बाजूला झुकले. आता कार्ड सरळ आलं आणि यांचं झुकणं उघडं पडलं."

"तंबोऱ्याचा भोपळा वाकडा निघाला तर अब्बा फेकून देत नसत," रेहाना म्हणाली. "त्याच्या बेतानं घोडी घासायचे."

चाचांच्या डोक्यातल्या, स्वतः न बसवलेल्या प्रोसेसरचा कल्याणीला आयुष्यात पहिल्यांदाच अभिमान वाटला. ती खाटेशी वाकली. "चाचा, जुनं बसवलं तर आत्ता बोलता येईल, पण सावकाश. नवं ठेवलं तर पुन्हा शिकावं लागेल. जमेलच असं नाही. जुनं बसवू?"

एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. चाचांनी दोनदा मिटली, आणि अशी घट्ट, की पुन्हा विचारायची सोयच राहू नये.

पाच दिवस खोलीत गवत, पाळणे आणि भिंती यांचाच बाजार होता. कल्याणी रोज तपासायची. प्रणाली जशीच्या तशी आणि चुका मात्र रोज कमी. सहाव्या दिवशी सकाळी पाणी हवं होतं तेव्हा "पाणी" आलं. सातव्या दिवशी पूर्ण वाक्य आलं.

"कल्याणी, ते कार्ड कधी बिघडलं म्हणालीस?"

"दोन वर्षांपूर्वी, चाचा."

"नक्की कार्डच?"

"नक्की. का हो?"

यंत्राला आता उशीर लागत नव्हता, चाचांचे शब्द सलग येत गेले.

"मला वाटलं, माझंच डोकं चाललं. मनात एक, तोंडी भलतंच. घाबरलो. कुणाला बोललो नाही. घोकून घोकून सरळ करत राहिलो. रेहाना, यंत्र हळू आहे हे कारण होतंच, बेटा. पण माझ्या 'थांब'वर माझाच भरवसा नव्हता."

रेहानाला रडू आवरेना. आवटी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. कल्याणीनं जुनं कार्ड उचलून चाचांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"चूक याची होती, चाचा. तुमची एकही नाही. उलट दोन वर्षं बिघडलेलं यंत्र तुम्ही एकट्यानं चालवलंत, आणि आम्हा शहाण्यांना पत्ताही लागला नाही."

"असं?" स्पीकरच्या आवाजाला चढउतार नव्हते, तरी त्यातली ऐट सगळ्यांना ऐकू आली. "रेहाना, घे कानस."

तिनं डोळे पुसले आणि बारावी घोडी घासायला घेतली.

"अजून. हलक्या हातानं. अजून. थांब."

कानस तिथल्या तिथं थांबली. रेहानानं तार छेडली. आवाज खुलला होता, आणि खोलीभर कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.

"बरोबर," चाचा म्हणाले. "आणि या वेळी मला खात्री आहे."