राहिलेली तीन बोटं

मार्गशीर्षातला गुरुवार होता, सुंदराचा उपास. मुरबाडकडच्या एका छोट्या दवाखान्यात ती अकरा वर्षं आया होती. त्या दुपारी ठाण्याहून आलेल्या दिपिका सिस्टर सगळ्यांना हात धुवायचं शिकवणार होत्या. वीज गेलेली. ड्रेसिंगच्या बंद खोलीत दिवसाढवळ्या अंधार साचला होता आणि फिनेलचा उग्र वास.

सुंदराचं चित्त मात्र भिंतीपलीकडे. तिथे तिची सून दर्शना सकाळपासून कळा सोसत होती.

सहा वर्षांपूर्वी दर्शनाचं पहिलं बाळ टोकावड्याला घरीच झालं होतं. सातव्या दिवशी त्याचा जबडा मिटला तो मिटलाच. अंग धनुष्यासारखं ताठलं आणि बाळ गेलं. बाहेरची बाधा, म्हणाले सगळे. सुंदराने त्याच्या नाळेला गावदेवीचा अंगारा लावला होता. तो कमी पडला, असंच तिला वाटे. म्हणून यंदा तिने गुरुवार धरले होते आणि अंगाऱ्याची मोठी पुडी कमरेला खोचली होती.

सिस्टरांनी प्रत्येकाच्या हातांना निळी शाई फासली. “आता डोळ्यांवर पट्टी. शाई दिसत नाही, तसे जंतूही दिसत नाहीत. धुवा.”

“सुंदराबाय, तुमी कशाला?” वॉर्डबॉय धोंडी हसला. “तुमच्या हातचा निवेद देव खातो. जंतू काय, पाया पडून जातील.”

“गप रे मेल्या.”

तिने घमेल्यात हात बुडवले. पाणी गारठलेलं. साबण चोळते न चोळते, तोच पाण्यात आणखी दोन हात आले.

लहान हात. पाच-सहा वर्षांच्या लेकराचे असावेत, तेवढे. ते तिच्या बोटांच्या बेचक्या चोळू लागले, नखं घासू लागले. घाई नाही, खेळ नाही. मन लावून.

“सिस्टर… तुमी नका ओ धुवू… मी धुते…”

“मी इकडे दाराशी आहे, मावशी,” लांबून आवाज आला.

“एकट्याच बोलतात,” धोंडी म्हणाला.

पाण्यातले हात थांबले. हळूच निघून गेले.

पट्टी सोडून तिने हात दाराच्या उजेडात धरले. डावा हात लख्ख. उजव्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र निळीच, आणि कोरडी… पाण्यात बुडालीच नव्हती जणू.

सिस्टरांनी तो हात उचलून सगळ्यांना दाखवला. “चिमटीची बोटं राहिली. ह्याच चिमटीने आपण बाळाच्या नाळेला राख लावतो, शेण लावतो, अंगारा लावतो. त्यातून धनुर्वात होतो. आठवड्याच्या आत जबडा मिटतो.”

सुंदराचा डावा हात कमरेच्या पुडीवर गेला. म्हणजे अंगारा कमी पडला नव्हता… म्हणजे मीच?

तेवढ्यात पलीकडून लहानी दाई दाराशी आली. “सुंदरे, चल गो! पोर झाली, झ्याक रडते!”

सुंदराने ती तीन बोटं पुन्हा धुतली, चामडी सोलवटेपर्यंत. मग पुडी उघडली. अंगारा तिने स्वतःच्या कपाळी लावला, उरलेला अंगणातल्या तुळशीत वाहिला. “आई, तुझा मान कपाळावर. नाळेला नाय.”

नाळ कोरडीच ठेवली. आठव्या दिवशी टोकावड्याला पोरीने भलं मोठं तोंड उघडून जांभई दिली, तशी दर्शना हसली आणि रडलीही.

“आई, बघा ना,” ती म्हणाली, “ही तुमच्याकडं नाय बघत. तुमच्या बाजूला बघते… कमरेएवढं कोण उभं असल्यासारखं.”

खाटेवर बसलेल्या सुंदराने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. भ्यावं की हात जोडावे, काहीच कळेना. आपल्याच नादात ती खाटेवर जराशी सरकली, जागा करून दिल्यासारखी.

तिच्या शेजारी खाटेचं सुंभ हलकेच करकरलं, आणि खाली दबलं.