चढत्या बाजूची खुर्ची

ती रॉकेलची शेगडी जरा इकडे ओढा आणि टीव्ही बंद करा. उद्यापासून तुम्ही दोन नंबरच्या लिफ्टवर उभे राहणार, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तेइसुके कितीतरी हिवाळे माझ्याबरोबर या स्कीच्या डोंगरावर होता. मी बर्फ दाबायची गाडी चालवायचो, तो खालच्या टोकाला लोकांना लिफ्टच्या खुर्चीत बसवायचा. हे त्यानेच मला सांगितलं, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता. थापा मारायला मुळात बोलावं लागतं.

गेल्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी घडलेलं आहे हे. दिवसभर पोराबाळांची झुंबड होती. सशाचा मुखवटा घालून मुलांना रिझवणारा आपल्याकडचा पोरगा फोटोला उभा राहून राहून घामाघूम झाला होता. दुपारपर्यंत समोरची शिखरं इतकी स्वच्छ दिसत होती की लोक घसरायचं सोडून नुसते बघत उभे होते. मग ढग उतरले. सात वाजता भोंग्यावर लिफ्ट बंद व्हायचं शेवटचं गाणं वाजलं, उतारावरचे दिवे मालवले, आणि बर्फ असा पडायला लागला की हात पुढे केला तर बोटं दिसेनात.

मॅनेजर ओगुराने तेइसुकेला हाक मारली. सगळे त्याला मानाने तेइसान म्हणायचे. "तेइसान, जेवलात की दोन नंबरची लिफ्ट जरा रिकामी फिरवून ठेवा. सकाळी खुर्च्या उकरत बसायला नको."

"आत्ताच जातो. जेवण कुठे पळून जातंय."

"तुम्हालाच पाठवायचं बरं पडतं बुवा. घरी वाट बघणारं कोणी नाही, तक्रार करणारंही नाही."

ओगुरा गमतीने बोलला. तेइसुकेही हसला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रात्री घरी गेल्यावर दारातून "आलो" म्हणायची सवय त्याने केव्हाच सोडली होती. रिकाम्या घराला काय सांगायचं? आणि त्याला "आलो" म्हणणारं तर कोणी नव्हतंच. दिवसभर तोंडात एकच शब्द. समोर खुर्ची आली की सीटवरचा बर्फ झाडूने झटकायचा, माणूस बसला की मान लववायची आणि म्हणायचं, "जाऊन या." हजारो माणसांना त्याने तसं पाठवलं. उतरून येणारी माणसं घसरत परस्पर खाली जातात. त्यांना "आलात का" म्हणायची वेळ लिफ्टवाल्यावर कधी येतच नाही.

रॉकेलचा डबा घेऊन तो लिफ्टपाशी पोचला तेव्हा केबिनच्या छपराखाली एक बाई उभी होती. त्याने ओळखलं. ती मिसातो. दर वर्षी याच शनिवारी यायची, खालच्या त्याच खाणावळीत एक खोली घ्यायची, आणि लिफ्ट बंद झाली की इथे येऊन उभी राहायची. हातात मशीनमधून घेतलेला मक्याच्या सूपचा गरम डबा असायचा. ती तो पीत नसे. गार होईपर्यंत नुसता धरून ठेवायची.

तिचा मुलगा इबुकी. सहा वर्षांचा होता, पिवळं जाकीट घालायचा. त्या रात्रीच्या चार हिवाळे आधी, याच शनिवारी, शेवटचं गाणं वाजत असताना तो तेइसुकेसमोर येऊन उभा राहिला. "आजोबा, एकदाच. आईने सांगितलंय, एकदाच जा आणि सरळ खाली ये. ती सूप आणायला गेलीये." मिसातोने लांबून, सूपच्या मशीनपाशी उभं राहून, हात हलवून हो म्हटलं. तेइसुकेने सीट झटकली, पोराला नीट बसवलं, दांडा खाली केला आणि म्हणाला, "जाऊन ये."

वरच्या माणसाने त्याला उतरताना पाहिलं. खाली कोणी पाहिलं नाही. कित्येक दिवस शोधलं. काठ्या टोचल्या, कुत्री आणली, उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर ओढे पायी पालथे घातले. एक मोजासुद्धा मिळाला नाही. अंत्यविधी करायला काही नाही, आणि आशा सोडायलाही काही नाही. नवरा दोन वर्षांनी म्हणाला, आता पुरे. ती म्हणाली, तुझं पुरे झालं असेल. त्यानंतर ती एकटीच यायला लागली.

"आत या, गारठाल," तेइसुके म्हणाला.

"इथे बरी आहे. तुम्ही तुमचं काम करा, तेइसान."

"लिफ्ट रिकामीच फिरवायची आहे."

"माहीत आहे. आवाज चालतो मला."

तिने त्याला कधी बोल लावला नाही. एकदा जरी लावला असता तरी बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला होता. त्या शनिवारपासून "जाऊन या" म्हणताना तो माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, सीटकडे बघायचा. पण म्हणावं तर लागायचंच. आपला नियमच आहे तसा.

त्याने शेगडीत रॉकेल घातलं, बटण दाबलं. चाक कुरकुरलं. खुर्च्या हलल्या. वरून एकेक खुर्ची अंधारातून उतरत यायची, चाकाला वळसा घालायची आणि पुन्हा वर जायची. प्रत्येकीवर चांगला वीतभर बर्फ. तो वळणावर उभा राहून झाडू मारत होता. झटकायचं, पुढची. झटकायचं, पुढची. हाताला लय लागली की डोकं बाजूला होतं. तुम्हालाही उद्या दुपारपर्यंत कळेल.

बराच वेळ असा गेला. मिसातो मागे उभी होती.

मग वारा थांबला.

बर्फ पडत होता, पण आवाज नव्हता. चाकाचा आवाजही लांबून आल्यासारखा येत होता. तेइसुकेने वर पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते त्याला सांगता आलं नाही. मान वर होईना, एवढंच म्हणाला.

खुर्ची आली. झटकली.

पुढची आली. झटकली.

पुढची आली. झाडू टेकला... आणि बर्फ लागला नाही. झाडू कशाला तरी मऊ लागला. कापडाला. त्याच्या खाली गुडघा असावा तसं काहीतरी.

डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळं होतं.

आणि अगदी कमरेच्या उंचीवरून, दमलेला, लहान आवाज...

"आलो."

इतकंच. घरी आलेलं पोर म्हणतं तसं.

अरे, तीन अक्षरी उत्तर नाही का त्याचं? शेंबड्या पोरालाही येतं. "आलास." झालं. दारातून हाक आली की आतून उत्तर जातं, मग माणूस बूट काढतो आणि घरात येतो. तेवढं एक म्हटलं असतं...

तेइसुकेचा हात झाडूवर होता. मान खाली होती. पुढ्यात खुर्ची होती. मान आपसूक लवली. तोंड आपसूक उघडलं.

"जाऊन ये."

खुर्ची वळली.

मागे सूपचा डबा पडल्याचा आवाज झाला.

आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर आलं, आणि मग तो धावला. लाल बटणावर हात ठेवला. पण दाबलं नाही. दाबलं असतं तर खुर्ची तिथेच, वर, बर्फात लटकली असती. पोर त्यात. कसं दाबणार? फिरून येईल, त्याने स्वतःला सांगितलं. वळसा घालून येईलच की.

तो वळणावर परत उभा राहिला. झाडू टाकून दिला होता. पहिली खुर्ची आली. बर्फाने भरलेली.

"आलास," तो म्हणाला.

दुसरी आली. भरलेली.

"आलास."

तिसरी...

"आलास बाळा. आलास."

वरून येणाऱ्या प्रत्येक खुर्चीवर वीतभर बर्फ. जराही मोडलेला नाही. त्याने लिफ्ट रात्रभर फिरवली. ओगुराचे फोन येत होते, त्याने उचलले नाहीत. घसा बसला, नुसती हवा येत होती, तरी म्हणत होता. मिसातोही त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तीही म्हणत होती. दोघं, रिकाम्या खुर्च्यांना. आलास. आलास. आलास.

उजाडायला लागलं तेव्हा मी गाडी घेऊन खाली उतरत होतो. दोघांना मी पाहिलं. चेहरे ओळखू येत नव्हते. तेइसुकेने मला बघून लिफ्ट बंद केली.

मिसातोने खाली पडलेला डबा उचलला, हातमोज्याने पुसला आणि खिशात ठेवला. मग तेइसुकेला वाकून नमस्कार केला.

"तोच होता ना?"

"हो."

"मला वाटलंच." तिने वर पाहिलं. शिखरं दिसायला लागली होती. "तो आता येणार नाही, तेइसान."

"असं म्हणू नका. मी रोज..."

"लहानपणापासून तसाच आहे. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकतो."

ती गेली. त्यानंतर ती आली नाही. गेल्या वर्षीही नाही, यंदाही खाणावळीत तिचं नाव नाही. तेइसुके त्या हिवाळ्यात लिफ्टवर पाहुण्यांशी एक शब्द बोलला नाही. त्यांनी तक्रार केली, म्हणून त्याला बर्फ उपसायच्या कामावर टाकलं. या शरद ऋतूत तो गेला, हॉस्पिटलात, साध्या न्यूमोनियाने. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. आत शिरताना मी सवयीने म्हटलं, "आलो रे." त्याने डोळे उघडले. ओठ हलवले. त्याला तो शब्द काही बाहेर काढता आला नाही.

तर उद्या रात्री बर्फ पडला की परवा सकाळी लवकर उठा. कोणी झाडू हातात घ्यायच्या आधी. लिफ्टच्या खालून चालत वर जा आणि खुर्च्या बघा. सगळ्या भरलेल्या असतील. एकीवर मात्र मधोमध जागा मोकळी असेल, इवलीशी, बर्फ न साचलेली. सीट बदलून पाहिली आहे. खुर्च्यांची जागा बदलून पाहिली आहे. रोज वेगळीच खुर्ची असते.

पण असते ती चढत्या बाजूला.

उतरत्या बाजूला... अजून तरी कोणी पाहिलेली नाही.