उसनी भाकर

चंदाची सून हेमली, हेमलीची सून दुर्गाबाई आणि दुर्गाबाईची सून रामीबाई. मेडशीजवळच्या तांड्यातल्या या ख्रिस्ती घराण्याची वंशावळ पुरुषांच्या नावाने सांगतात. घर मात्र चालत आले ते या चौघींच्या चुलीवर. आणि चुलीबरोबर प्रत्येक सासूने सुनेच्या हाती एक देणेही सोपवले होते.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात चंदा मेडशीच्या रस्त्यावर एका चिंचेखाली मरायला टेकली होती. शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीने आपली भाकर मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. "उसनी देऊन राह्यली बाई," ती म्हणाली. "आणून दे. मी इथंच बसते." त्या अर्ध्या भाकरीच्या बळावर चंदा मिशनच्या अन्नछत्रापर्यंत पोचली, जगली आणि पुढे बाप्तिस्मा घेती झाली. चौथ्या दिवशी ती उसने फेडायला परतली, तेव्हा चिंचेखाली कोणीच नव्हते. तेव्हापासून घरात नेम पडला: रोजची पहिली भाकर मोडायची, तिची अर्धी दाराजवळच्या फळीवर ठेवायची आणि दुपारी दारी येणाऱ्या परक्याला द्यायची. ती म्हातारी कधी ना कधी येईलच, एवढाच त्यामागचा विचार.

रामीबाईंनी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवले. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभे केले होते. पण हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. कारण त्यांच्या मते यात भूतही नव्हते आणि देवही. उसने होते, आणि उसने फेडायचे असते.

यंदा फेब्रुवारीत त्या भाचीच्या लग्नासाठी किन्हीराजा गावी गेल्या. तीन दिवस सुनेने, संगीताने, फळी रिकामी ठेवली. चौथ्या दिवशी रामीबाईंचे यजमान गुलाबसिंग तुरीच्या शेतात कोसळले.

वाशीमच्या दवाखान्यात आयसीयूच्या दारापुढे बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, मन घट्ट करा. किडन्या साथ देईनात."

"मन घट्टच आहे," रामीबाई म्हणाल्या. "तुम्ही हात घट्ट ठेवा."

आयसीयूच्या दाराला गोल काच होती. आत चार खाटा. चौथ्या खाटेवर गुलाबसिंग, तोंडात नळी. जंतुनाशकाच्या वासात त्या दुपारी पहिल्यांदा ज्वारी भाजल्याचा वास मिसळला. रामीबाईंनी काचेतून पाहिले. पहिल्या खाटेच्या पायथ्याशी एक म्हातारी जमिनीवर बसली होती. समोर पसरलेल्या फडक्यात अर्धी भाकर. परिचारिका तिच्या अगदी जवळून गेली. तिने खाली पाहिले नाही, की पाऊल वळवले नाही.

संध्याकाळी पहिली खाट रिकामी झाली.

दुसऱ्या दुपारी म्हातारी दुसऱ्या खाटेशी बसली. दिवे लागायच्या आत तीही रिकामी झाली. रामीबाईंनी पहारेकऱ्याला विचारले, "आत भाकर घेऊन बसाले परवानगी कोणी दिली?"

"कोणाले, आजी? आत तर कोणीच नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

तिसऱ्या दिवशी चर्चचे पाळक प्रार्थनेला आले. मुलगा वीरेंद्र, संगीता आणि रामीबाई बाकाजवळ उभे राहिले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची ओळ झाली. पुढे 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही ओळ आली, आणि रामीबाईंचे ओठ मिटले.

"थांबलात काहून, बाई?" पाळकांनी हळूच विचारले.

"पाळकसाहेब, देवाचं ऋण देवानं सोडलं, मान्य. त्या बाईचं कोणी सोडलं?"

संगीताचा चेहरा उतरला. "आई, मीच ठेवली नाही. उपदेशात ऐकलं, सगळं फिटलं आहे म्हणून. मले वाटलं, मंग फळीवर कायले ठेवाची?"

"खोटं नाही ऐकलंस," रामीबाई म्हणाल्या. "पण माफी गरिबानं मागावी. आपल्या घरी ज्वारी आहे."

"आई, तुमी देवाशी भांडून राह्यल्या," वीरेंद्र म्हणाला.

"त्याच्याशी नाही. त्याच्या देखत भांडते आहे."

त्या दुपारी म्हातारी तिसऱ्या खाटेशी बसली. बसताना तिने एकदा चौथ्या खाटेकडे पाहिले.

संध्याकाळी रामीबाईंनी संगीताला घेऊन मेडशीची एसटी पकडली. पहाटे उठून त्यांनी चूल पेटवली, गॅसला हात लावला नाही. भाकर थापली, भाजली, गरम असतानाच मोडली. अर्धी फळीवर ठेवायला हात आपोआप उचलला गेला. तो त्यांनी आवरला. अर्धी संगीताला खायला लावली आणि अर्धी स्वच्छ फडक्यात बांधून त्या पहिल्या गाडीने निघाल्या.

भेटीची वेळ अकराची. पहारेकऱ्याने पदराखालचा फुगवटा पाहिला.

"आजी, डबा आत नेता येत नाही."

"डबा आहे का हा? हात लावून पाह्य, मंग तुया बायकोले सांगते मी."

तो हसून बाजूला झाला.

तिसरी खाट रिकामी होती. नवी चादर ताणून घातलेली. म्हातारी चौथ्या खाटेच्या पायथ्याशी होती. गुलाबसिंगांच्या उशाशी यंत्र संथ वाजत होते. ज्वारीचा वास दाट झाला होता.

गुडघे दुखत असूनही त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"चंदाच्या घरची मी."

"लय उशीर केला," म्हातारी म्हणाली.

"चंदा चौथ्या दिवशी आली होती. तू जागेवर नव्हती. चूक तुयी."

म्हातारीने प्रथमच वर पाहिले. रामीबाईंनी नजर हटवली नाही.

"धर. ताजी आहे."

म्हातारीने आपल्या फडक्यातला तुकडा उचलला, वाळून काळा पडलेला. त्याच्या मोडलेल्या कडेला तिने नवी अर्धी लावली. कणभरही फट राहिली नाही.

"फिटलं?"

"फिटलं."

"मंग ऊठ."

ती उठली. दार रामीबाईंच्या पाठीमागे होते. म्हातारी समोरच्या भिंतीकडे गेली.

संध्याकाळी चौथ्या खाटेवर गुलाबसिंगांनी डोळे उघडले. दोन दिवसांनी नळी काढली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले.

चादर बदलणारी परिचारिका मात्र कुरकुरली. "आजी, हे बाबा सतरा दिवस खाटेवरून खाली उतरले नाही. यांच्या तळपायाले माती कशी?"

गुलाबसिंगांचा आवाज चिरका झाला होता. "रामी, ती बाई कोण? मले चिंचेखाली बसवून ठेवलं होतं तिनं. म्हणे, तुयी बायको भाकर आणून देते तवर हालू नको." त्यांनी रामीबाईंकडे मान वळवली. "दिलं का तू?"

"दिलं. पुरतं दिलं."

रामीबाईंनी तसराळ्यात पाणी घेतले, फडके पिळले आणि त्यांचे तळवे पुसायला बसल्या. पाणी तीनदा बदलले. माती सगळी निघाली आणि तळाशी जाऊन बसली. रामीबाईंनी ती चिमटीत उचलली.

पाण्यातून काढलेली ती माती कोरडी होती.