आंबेनळी घाटात क्लच कुणी दाबला?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही. रेश्मा माझी सख्खी मावसबहीण. गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी, पोलादपूरच्या आंबेनळी घाटात तिच्याबाबतीत हे घडलं.

तिचा नवरा प्रवीण याच घाटात गेला होता. सासऱ्यांची, म्हणजे हैबतरावांची, जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन तो उतरत होता. मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि तो दरीत फेकला गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांनी सांगून टाकलं, "हिचाच पायगुण."

दोन वर्षं रेश्माने ते ऐकून घेतलं. गाडी मात्र सासऱ्यांनी हौसेने दुरुस्त करून आणली. गाडीचा पायगुण कुणी काढला नाही!

त्या दुपारी धाकटा दीर हर्षद तिला महाबळेश्वरच्या पाहुण्यांकडून घरी आणत होता. हैबतरावांचा घरात दंडकच होता. उताराला गाडी गिअरमध्ये ठेवायची, पण रेस द्यायची नाही. पेट्रोल वाचतं. हर्षदही तसाच उतरत होता.

घाट सुनसान. नुसता वारा आणि इंजिनाची घरघर…

आणि रेश्माच्या मागे सीट दबली.

कुणीतरी बसलं होतं.

खोबरेल तेलाचा आणि तंबाखूचा वास आला… प्रवीणच्या शर्टाला यायचा, तोच.

मान वळवायची तिची हिंमत झाली नाही.

एवढ्यात इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. मागचं चाक जाम होऊन फरफटू लागलं. समोर वळण, पलीकडे दरी…

खट्!

क्लच आपोआप दाबला गेला. चाक मोकळं झालं. गाडी सावरली.

"वहिनी, मी नाय दाबला! माझी बोटं मुठीवरच हायत, बघ!" हर्षद ओरडला.

घाट संपेपर्यंत क्लच तसाच दाबलेला राहिला. सपाटीला गाडी थांबली, तेव्हा कुठे सुटला… आणि मागची सीट हलकी झाली.

संध्याकाळी मेकॅनिक मुख्तारने घरी येऊन इंजिन खोललं. पिस्टन सिलेंडरला चिकटला होता.

"हिला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. उताराला रेस बंद म्हणजे ऑइल बंद. मग पिस्टन चिकटतो नि चाक जाम होतं. मधे मधे रेस द्यायची, दोन बोटं क्लचवर ठेवायची. प्रवीणच्या वेळी पण हेच झालेलं. हैबतदादांना तेव्हाच सांगितलं होतं की मी!"

रेश्मा सासऱ्यांकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं? मग माझा पायगुण का काढलात? निदान भावजींना तरी सांगायचं!"

हैबतरावांनी मान खाली घातली. "रेस दे म्हटलं असतं, तर त्यानं इचारलं असतं, आताच का? काय सांगणार होतो, माझ्याच शिकवणीनं तुझा भाऊस गेला म्हणून?"

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझा प्रवीण भावाला वाचवायला आला गो."

रेश्माला कुणी माफ कर म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उमरठला माहेरी निघून आली.

तो भावासाठी आला होता की आपल्यासाठी, हे तिला अजून कळत नाही. एकदा मागे वळून बघायला हवं होतं, म्हणते आणि रडते.

"नाही बघितलंस तेच बरं," एवढंच मी म्हणते.

दरीतून वर काढला तेव्हा त्याचा चेहरा आम्ही तिला दाखवलाच नव्हता…