डाव्या डोळ्यात बघा

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा," ती म्हणाली, आणि तो बघू लागला.

हे वाक्य ती दिवसभर म्हणायची. चष्म्यासाठी बुबुळांमधलं अंतर मोजायचं, तर गिऱ्हाइकानं कुठंतरी नजर स्थिर ठेवावी लागते. एक पोस्टमन तर बघता बघता पेंगलाही होता. पण हा... हा आपला निवांत बघतच राहिला. पट्टीवरचा आकडा तिनं वाचला, विसरली, पुन्हा वाचला.

खरं तर तो हातावरचा रंग पुसायला चिंधी मागायला आला होता. दारावरची पाटी वाचताना त्यानं डोळे बारीक केले, आणि दुकान तिच्या मामाचं, मामा असं गिऱ्हाईक थोडंच सोडणार!

"काय करता आपण?" मामानं विचारलं.

"सध्या होड्या रंगवतो."

"आणि त्याआधी?"

"सर्कशीचे तंबू ठोकायचो. त्याआधी बेकरीत होतो. मधे मुलांना पोहायला शिकवलं. सगळ्यात मजा आली हो!"

मामानं त्याच दिवशी त्याचं नाव 'सध्या' ठेवून टाकलं.

शाळा संपल्यापासून ती याच स्टुलावर बसत होती. तिनं बसवलेली काच कधी चुकली नव्हती, तिचा डबाही कधी चुकला नव्हता. त्यामुळं चष्मा घेऊन गेलेला हा माणूस पुन्हा पुन्हा यायला लागला, तेव्हा तिला आधी काही कळेचना.

"काडी कानामागं टोचते," तो एकदा म्हणाला. मग, "नाकावरून घसरतो." ती काडी गरम करून वाकवायची, त्याच्या कानामागं बसवून बघायची. शर्टाला टर्पेंटाइनचा वास यायचा, आणि तो वास घरी गेल्यावरही का कोण जाणे नाकात राहायचा.

"आज कुठला रंग?"

"मालक म्हणतो निळा, मालकीण म्हणते हिरवा. त्यावरून दोघांचा अबोला. मी सरळ पिवळा लावला."

"अगं बाई! मग?"

"मग काय, दोघं मिळून मला ओरडले. अबोला सुटला!"

ती हसली, आणि लगेच गोंधळली. हा माणूस भोळा आहे, वेडा आहे, की नुसता सुखी? आणि आपण सकाळपासून दाराकडे का बघतोय?

एक दिवस तो दुकानाच्या पायरीला अडखळला. ती पायरी त्याच्या ओळखीची होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं चष्मा काढून घेतला, नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला, आणि पुन्हा धरून खात्री केली. डावी काच उजवीकडे, उजवी डावीकडे! फ्रेम गोल, म्हणून काचा उलट घातल्या तरी बसून गेल्या होत्या.

"अहो... तुम्हाला कळलं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत? डोकं दुखलं असेल!"

"थोडं. पण खरी तक्रार सांगितली असती, तर एका फेरीत काम झालं असतं."

मागं मामाला एकदम खोकला आला. तिला राग आला, हसू आलं, रडूही आलं, आणि आधी कशाला वाट द्यावी ते कळेना.

"सोमवारी निघतोय," तो हळूच म्हणाला. "डोंगरापलीकडे फळबाग आहे. कलमं बांधायला शिकायचंय. सध्या..."

तो शब्द तिला आज सुईसारखा टोचला. "तुमचं सगळंच सध्या! आणि मी? मी पण... सध्याच?"

बोलून गेल्यावर तिला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा तो माणूस खिसे चाचपत राहिला.

"कामं बदलली," तो शेवटी म्हणाला. "जे समोर आलं त्यात आनंद सापडायचा, म्हणून पुढचंही चांगलंच असेल असं वाटत गेलं. कुठूनही जाताना मन कधी मागं ओढलं गेलं नाही. या वेळी मात्र... शांत झोपच लागत नाहीये. माझ्या खोलीखाली चष्म्याचं दुकान आहे, ठाऊक आहे? तरी मी इतक्या लांब येतो. दर रविवारी येईन. काडी ढिली झाली म्हणून."

"मी घट्ट बसवलीय."

"मी ढिली करीन."

तिनं खाली बघत पट्टी उचलली. पहिल्या दिवशीच्या मापावर तिचा आता विश्वास नव्हता, ते पुन्हा घेणं भाग होतं. "बघा... माझ्या डाव्या डोळ्यात," ती म्हणाली.

तो बघू लागला. तिनं पट्टी धरली. आकडे एकमेकांत मिसळले. तिनं पुन्हा धरली, पुन्हा तेच. मग तिनं पट्टी काउंटरवर ठेवली.

"मामा," ती त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, "यांचं माप तू घे. माझ्याच्यानं आता कधीच व्हायचं नाही."