तांबड्या दिव्याखालची वाट

लाईट गेली ते बरंच झालं. ते मोबाईल पालथे घाला आणि कठड्यावरून खाली उतरा, पडलात तर तुमच्या आया मला धरतील. पाणी आत्ताच पिऊन घ्या. मधी कुणी उठायचं नाय.

बन्सी एका संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारात मूठभर एलईडी आणायला गेला, तिथनं हे सगळं सुरू झालं. शहरात छावणी भागात माझ्या दुकानाला लागून त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार आणून टाकायची, हा जुनी तार काढून नवी भरून देणार. शहर तेव्हा चहूकडं पसरत चाललेलं. नवी कॉलनी, कॉलनीत बोअर, बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार जळून बन्सीच्या दारात. माणूस कामाला वाघ, पण डोकं लई गरम. कुणी 'नको' म्हणलं की तेच करणार.

गाव त्याचं पिशोरच्या पल्याड आठ किलोमीटर, खापरमाळ वस्ती. बावीस घरं, अन् मधी सगळा उघडा माळ. त्या माळावर चकवा हाय म्हणतात. चकवा दिसत नाय बरं का. वाटच फिरती. माणूस चालत राहतो अन् फिरून तिथंच येतो. त्याला जुन्या लोकांचा एकच नेम, चकवा लागला की आहे तिथं खाली बसायचं, उजाडेस्तोवर उठायचं नाय.

बन्सी सहा वर्षांचा होता तेव्हा त्याची आई बाळंतपणात अडली. बाप पुंजाराम रातचाच पायी डॉक्टर आणायला निघाला. माळावर चकवा लागला. पुंजाराम नेमाचा माणूस, बसला खाली. उजाडल्यावर उठला, तोवर आई गेलेली. पोराला घेऊन त्यानं शहर गाठलं, हमाली केली, आणि मरेस्तोवर त्या माळावर पाय ठेवला नाय. बन्सीचा राग चकव्यावर नव्हता, बापाच्या बसण्यावर होता. आख्खं आयुष्य तो बापाशी धड बोलला नाय. बाप गेल्यावर त्याचंच त्याला वाईट वाटायचं, पण ते तो कबूल करत नव्हता.

तर दिवे. दोन हजार तेराचा उन्हाळा होता. वस्तीवरच्या बोअरची मोटार बन्सीच बघायचा, अन् रातच्याला दोनदा तो माळावर भरकटला. दुष्काळात टँकरनी माळभर चाकोऱ्या पाडलेल्या, शेततळी खणायला आलेल्या जेसीबीनी वेगळ्याच. कुठली वस्तीवर जाती अन् कुठली कोरड्या खड्ड्याशी संपती, कळायचं नाय. मला म्हणला, "चकवा-बिकवा काय नाय काका. अंधारात वाट दिसत नाय, एवढंच. दिसली की झालं."

एका रविवारी दिवसाउजेडी माळ फिरून त्यानं नकाशा काढला. झाडं, विहिरी, तळी काळ्या पेननं. वाट तांबड्या पेननं, चांगली ठळक. धंद्याची सवय, वाइंडिंगच्या वहीत चालू तार तांबडीच काढायची. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोटारसायकलच्या टाकीवर ट्यूबच्या रबरानं आवळला. पण गाडीचा दिवा पडतो रस्त्यावर, टाकीवर अंधारच. हातात बॅटरी धरावी तर हँडल कोण धरणार?

म्हणून ते एलईडी. पहिला त्यानं सरळ गाडीच्या बॅटरीला जोडला. फट् झालं अन् गेला. दहा-दहा हॉर्सपॉवरच्या मोटारी भरणारा माणूस, मुगाएवढ्या दिव्यानं त्याची फजिती केली. एलईडीवाला दुकानदार हसून हसून बेजार. "बन्सीभाई, ये तीन वोल्ट का बच्चा है. बारा वोल्ट पिलाओगे तो मरेगाच. रेजिस्टर लगाओ."

करंट अडवणारा तो रेजिस्टर लावला. मोडक्या टेबललॅम्पची वाकणारी मान कापून हँडलला बसवली, टोकाला खोकल्याच्या औषधाचं झाकण, झाकणात दिवा, डाव्या मुठीशी बटण. चालवून बघितलं तर पांढऱ्या उजेडात कागद असा चमकायचा की मान वर केली की रस्ता ठार काळा. मग त्यानं बायकोची नखांना लावायची लाल पॉलिश उचलली अन् दिव्याला दोन हात दिले. तांबड्या उजेडानं डोळे दिपत नायत. मंजुषा त्याला म्हणली, "दिवाळीला मी दोन बोटं रंगवली, अन् तुमच्या दिव्याला आख्खी बाटली." दुकानापुढं वर्तमानपत्र टाकीवर ठेवून त्यानं मला वाचून दाखवलं. एकदम फस्क्लास.

नऊ मे, गुरुवार. अवस होती. वस्तीची मोटार जळून तीन दिवस झालेले, ती रात्री नऊला भरून तयार झाली. टेम्पोवाला म्हणला, अवसेचं माळावर नाय, सकाळी नेतो. तेवढ्यात वच्छलाबाईचा फोन. बन्सीची आत्या ती, वस्तीवरच राहती. रेंजसाठी टेकाडावर चढली होती.

"बन्सी, टँकर आज बी आला नाय रं. हितं ओली बाळंतीण हाय, तिच्यापुरती एक घागर राह्यली. बोअरची लाईट आज बारा ते सहा. हुकली की थेट परवा."

"येतो, आत्या."

"रातचा नको लेकरा. तुझ्या बापाचं..."

बन्सीनं फोन ठेवला. मोटार मागच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधली. मीही म्हणलं, पहाटे जा. त्यानं ऐकलं न ऐकलं करून किक मारली.

अकरा दहाला पिशोर सुटलं. साडेअकराला तो माळात शिरला. वीस मिनिटांची वाट. वारा पडलेला. धूळ उडायची अन् तिथंच लोंबकळायची. पहिल्या फाट्यावर त्यानं बटण दाबलं. कागद तांबडा झाला. हिवराचं झाड दिसलं. विहीर दिसली. तळं दिसलं.

वाट दिसली नाय.

डोळे चोळले. वाकून बघितलं. झाडं होती, विहिरी होती, अन् मधी कोरा कागद. रविवारी स्वतःच्या हातानं काढलेली वाट कागदावरनं गेलेली. तरी गाडी पुढं घातली, अदमासानं.

दहा मिनिटांनी हिवर आला. हिवराखाली एक बसका दगड. बरोबर हाय म्हणून तो डावीकडं वळला.

पुन्हा हिवर आला. पुन्हा दगड. आता उजवीकडं.

एक वाजला. हिवर... दगड.

दगडावर कुणीतरी बसलेलं.

पाठमोरं. गुडघे पोटाशी. डोक्याला पटका. गाडीचा उजेड अंगावर पडला तरी मान वळली नाय. बन्सीला वाटलं, मेंढक्या असंल. हाक मारली. "ओ पाव्हणं, खापरमाळ कुण्या अंगाला?"

मग हळू आवाज. "बस जरा."

बन्सीनं गाडी दामटली. मागं मोटार गदागदा हलायला लागली. नुसता सुटला. कुठं वळला, किती वळला...

हिवर.

दोन वाजायला आले होते. इंजिन तापून वास सुटलेला. दगडावरचं माणूस तसंच, जिथल्या तिथं.

"बस रं पोरा. उजाडल्यावर वाट घावती."

ते 'रं पोरा' ऐकलं अन् बन्सीचा पाय ब्रेकवर गेला. सव्वीस वर्षं ऐकलेला आवाज विसरतो का कुणी? बाप जाऊन बारा वर्षं झाली होती.

पाय म्हणत होते, बस. खरंच बस. थकला होता तो. अन् नेम तर तोच होता. पण बाळंतिणीची ती एक घागर डोळ्यांपुढनं हलेना. दोन वाजले, सहाला लाईट जाणार, मोटार सोडायला दीड तास. बसला की संपलं. मग त्याला राग आला, असा राग की भीती कुठल्या कुठं गेली. खाली मान घातली, त्या तांबड्या कागदाकडं बघितलं, अन् एकदम डोक्यात उजाडलं. तांबड्या उजेडात तांबडी शाई दिसंल कशी? दुकानापुढं वाचलेलं वर्तमानपत्र काळ्या शाईचं होतं. नकाशा त्यानं त्या दिव्याखाली कधी धरलाच नव्हता.

खिशातनं स्क्रू-ड्रायव्हर काढला. दिव्यावरची पॉलिश खरवडली. कचाकच. पांढरा उजेड कागदावर सांडला अन् वाट वर आली, पहिल्या टोकापासनं वस्तीपर्यंत. बन्सी एकटाच मोठ्यानं हसला. स्वतःला एक कचकचीत शिवी दिली. चकवा नाय काय नाय, सगळा आपलाच येडेपणा.

हसता हसता मान वर केली.

माणूस होतंच.

अन् कागदावरची वाट त्या दगडाला खेटून, मागनं जात होती.

बन्सीनं गाडी गिअरमधी टाकली. हळू. दगडाशी आला. हाताच्या अंतरावर पटका... तोंड बघितलं नाय त्यानं. समोर बघत बोलला, मोठ्यानं, आवाज फाटलेला.

"आबा, तुम्ही बसला. आई गेली. मी नाय बसणार. सगळा माळ आडवा आला तरी नाय बसणार."

नुसतं इंजिन.

"लई बसला तुम्ही. उठा आता. यायचं तर या मागनं."

मागं बघितलं नाय. एकदाही नाय. पुन्हा हिवर आला नाय.

पावणेतीनला वस्ती. माणसं जागीच होती. मोटार बोअरात सोडली, पाइप जोडले, चार वीसला स्टार्टर दाबला. आधी हवा आली, मग गढूळ, मग पाणी. पहिली घागर बाळंतिणीच्या घरी गेली. मग कळश्या, ड्रम, जनावरं. हौद भरून वाहिला तरी कुणी बंद करंना. पाणी गल्लीनं खालपर्यंत गेलं. आत्यानं बन्सीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला. मला म्हणला, "काका, आईसाठी रडलो का आबासाठी, मलाच कळलं नाय."

सहाला लाईट गेली. फटफटलं होतं. आत्या गल्लीच्या खालच्या टोकाला उभी. हाक नाय मारली तिनं, नुसता हात केला.

तिथं पुंजारामचं घर. आई गेली त्या दिवशी कुलूप घातलं, ते बत्तीस वर्षं तसंच. रातचं पाणी त्या दारापर्यंत आलेलं, पुढं सगळा चिखल. वस्तीतलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. चिखलात पावलं होती. अनवाणी, एका माणसाची. माळाकडनं आलेली. घाई नव्हती त्यांना. एकेक पाऊल नीट टेकवलेलं.

घराकडं जाणारी होती. परतीची नव्हती.

बन्सी त्यांच्या कडेनं दारापर्यंत गेला. कुलूप बघितलं. गंजून घट्ट, वरचं कोळ्याचं जाळं शाबूत. मग खाली बघितलं.

शेवटचं पाऊल उंबऱ्यावर होतं. ओलं. निम्मंच... टाच बाहेर, अन् बोटं बंद दाराच्या आत.